कौशल्याबाईची थाळी

दिघीचा माळ आणि चाकणचा बाजार यांच्या मधे कुठेतरी तळवाडी नावाचं गाव होतं. शंभरेक उंबरे, एक मारुती आणि दोन आळ्या. वरच्या आळीत दौलतराव पाटलांचं घराणं आणि खालच्या आळीत त्यांचे व्याही. व्याही तरी कसले, तीन पिढ्यांचे! वरच्या आळीची लेक खालच्या आळीत द्यायची, तिला मुलगा झाला की त्याला मामाचीच मुलगी करायची, आणि तिच्या मुलाला पुन्हा तिच्या भावाची. बाकीचं गाव सोयरिकीसाठी वहाणा झिजवत खेड-जुन्नरपर्यंत फिरायचं. पाटलांच्या घरची लग्नं मात्र सकाळच्या चहाला ठरायची आणि चहा गार व्हायच्या आत सुपारीही फुटायची. "आमचं रक्त आमच्यातच राहतं," असं दौलतराव मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. राहत होतं खरंच.

या गावाची सुईण ठकुबाई. अंगानं काटक, हनुवटीवर गोंदण, नवरा लवकर गेलेला, आणि तोंड असं की तालमीतला पैलवानसुद्धा तिच्या वाटेला जायचा नाही. जाणार तरी कसा? तो बाता मारायला लागला की ही भर चावडीसमोर सांगायची, "गप रं. तुला उलटा धरून ढुंगणावर दोन दिल्या तवा कुठं रडला व्हतास, म्हायतीय मला." अर्ध्या गावाला तिनं असंच उलटं धरलेलं होतं. त्यामुळे अर्धं गाव तिला वचकून असायचं आणि उरलेल्या अर्ध्याच्या बायका तिच्या भरवशावर असायच्या.

तिच्या सगळ्या संसारात किमती वस्तू एकच, काशाची थाळी. पोर जन्मलं, नाळ कापली, न्हाऊ घातलं की ठकुबाई खुंटीवरची थाळी काढायची आणि पोराच्या उशाशी लाकडी उलथन्यानं वाजवायची. म्हणजे पोर पुढे ढगाच्या गडगडाटाला, कुत्र्याच्या भुंकण्याला भीत नाही, असा रिवाज. थाळी वाजली की पोर दोन्ही हात फेकायचं, तोंड वेडंवाकडं करायचं आणि भोकाड पसरायचं. मग आतल्या बायका हसायच्या, बाहेरचे पुरुष उगीचच खाकरायचे आणि ठकुबाईला खण-नारळ मिळायचा.

ही थाळी तिच्या सासूची. सासूचं नाव कौशल्याबाई, आणि ती ठकुबाईची सख्खी आत्याही. म्हणजे मामाच्या मुलीची रीत काही एकट्या पाटलांचीच नव्हती, गरिबाघरीही होतीच. गरिबांकडे तिची मिजास नव्हती एवढंच. आत्यानं भाचीला सून करून आणलं, हाताखाली घेऊन सुईणपण शिकवलं आणि ठकुबाईला पहिला मुलगा झाला तेव्हा थाळीही आत्यानंच वाजवली. चांगली दणदणीत. कौशल्याबाईची थाळी पार ओढ्यापल्याड ऐकू जायची, असा तिचा लौकिक होता.

पोर हललं नाही. त्याचं नाव भैरू ठेवलं. दोन वर्षांचा झाला, तीन वर्षांचा झाला, हाक मारली तरी वळून बघेना. चौथ्या वर्षी सगळ्यांनी मानलं की पोर बहिरं आहे, म्हणून मुकंही आहे. ठकुबाईनं रडून घेतलं आणि रडून झाल्यावर दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरवलं. "आत्यानं एवढ्या जोरात वाजवली, की माझ्या लेकराचे कानच फुटले." एकदा म्हणाली, दहादा म्हणाली, पाणवठ्यावर म्हणाली, बारशाला म्हणाली, दुसऱ्याच्या मयतीलाही म्हणाली. म्हातारी खाली मान घालून ऐकायची. कदाचित तिलाही तसंच वाटत असेल, कुणी विचारलं नाही.

भैरू मोठा झाला, जनावरांत रमला. बैल त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचा. पण नात्यात त्याला कुणी मुलगी देईना. शेवटी काळेवाडीच्या खाणीवर दगड फोडायला आलेल्या एका बीडकडच्या माणसानं आपली सरू दिली. गावानं नाकं मुरडली, कोण कुठली, ना नात्यातली ना गोत्यातली. सरूला पहिला मुलगा झाला त्या दिवशी कौशल्याबाई थाळीसाठी खुंटीकडे गेली, तर ठकुबाईनं तिचा हात धरला. "त्या हातानं माझ्या नातवाजवळ यायचं न्हाई." म्हातारी बाहेर जाऊन पायरीवर बसली. ठकुबाईनं थाळी अशी वाजवली, की शेजारच्या खोलीत कळू नये. पोर दचकलं, रडलं. त्याच्या पाठचीही दोघं दचकली, रडली. ठकुबाईला वाटलं, सिद्ध झालं. म्हातारी मात्र पहिल्या नातवाच्या थंडीतच गेली होती. सुटली बिचारी.

पंधरा ऑगस्टचे झेंडे लागून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा पाटलांच्या थोरल्या लेकीचे, सगुणेचे, दिवस भरले. सगुणा दिली होती अर्थातच खालच्या आळीत, दौलतरावांची बहीण रुक्मिणीबाई हिच्या मुलाला, मुरारीला. मुलगी झाली. गोरीपान, गुटगुटीत. ठकुबाईनं नेहमीच्या हलक्या हातानं थाळी वाजवली.

पोर हललं नाही.

ठकुबाईनं जरा जोरात वाजवली. पोर मजेत आपली मूठ चोखत होतं.  तीस वर्षांपूर्वीचं ते गप्प पडलेलं पोर ठकुबाईच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण रुक्मिणीबाई दारात उभी होती आणि तिच्या हातात खण-नारळ होता. "झोपाळू हाय," ठकुबाई म्हणाली आणि नारळ घेऊन घरी आली. 

दीड वर्षानं सगळ्यांनाच कळलं. मग कारणांचा बाजार भरला. कुणी म्हणालं, सगुणेनं ग्रहणात विळी हातात घेतली. विळी हातात घेतली तर कान कसे जातील, बोटं नाही का जायची, हे कुणी विचारलं नाही. कुणी म्हणालं, पिंपरीला तो औषधाचा कारखाना उभा राहतोय, तिकडून वारं येतं. दौलतराव मात्र पडले शिकलेले, चौथी पास. त्यांनी शोध लावला की दिघीच्या माळावर पलटणीचे बार उडतात, त्यांनी पोटातल्या गर्भाचे कान बसले. मास्तरांकडून त्यांनी तीन पानी अर्ज लिहून घेतला. 'सदरहू बारांमुळे अर्जदाराच्या नातीची श्रवणशक्ती नष्ट झाली असून' वगैरे. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज भलत्याच खात्याकडे गेला आहे. ठकुबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पर बार तर समद्या गावाला ऐकू येत्यात. मग बाकीच्यांची पोरं का न्हाई बहिरी?" दौलतरावांना हे आवडलं नाही. अर्जाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

दुसऱ्या खेपेला सगुणेला मुलगा झाला. खालच्या आळीत पेढ्यांची पाटी तयार होती. ठकुबाईनं थाळी वाजवली, आणि मुलगाही तसाच, मूठ चोखत. या वेळी रुक्मिणीबाई पोराकडेच टक लावून उभी होती. तिनं पाहिलं. तिनं ठकुबाईकडे पाहिलं, मग थाळीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे उमटलं ते दुःख नव्हतं. कुणीतरी सापडलं की माणसाला वाटतं, ते होतं.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात ठकुबाईला बोलावणं आलं. दौलतराव खांबाला टेकून बसले होते, पंच आणि बाकीची मंडळी पायरीवर.

"ठकुबाई, एकच विचारतो," दौलतराव म्हणाले. "तुझ्या भैरूचे कान कशानं गेले?"

ठकुबाई पायाखालची फरशी बघू लागली.

"का? गावभर सांगत व्हतीस की! कौशल्याबाईच्या थाळीनं गेले म्हणून. मी सोता तुझ्या तोंडून ईसदा ऐकलंय."

"सांगत व्हते," ठकुबाई म्हणाली.

"मग माझ्या नातवंडांचे कशानं गेले?"

"मी हळू वाजवली पाटील! सरूच्या पोरांना वाजवली तशीच वाजवली."

"सरूच्या पोरांना हळू वाजवलीस व्हय," पायरीवरून रुक्मिणीबाई ओरडली. "आपल्या घरचं म्हणून हळू, आन् आमच्या पोरांच्या कानाशी दणादणा! मी पाहिलं की दुसऱ्यांदा जोरात वाजवताना!"

 जी कुऱ्हाड ठकुबाईनं तीस वर्षं धार लावून ठेवली होती, तीच आता तिच्या मानेवर आली होती, आणि तिची धार खरोखर उत्तम होती. पंचांनी ठरवलं की ठकुबाईनं यापुढे कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, गावात थाळी वाजवायची नाही आणि ही थाळी पाटलांच्या ताब्यात द्यायची. ताब्यात म्हणजे कुठे, तर पाटलांच्या गोठ्यात. त्यांची खिल्लार गाय पुढे दोन वर्षं त्या थाळीत पेंड खात होती.

दोन वर्षं ठकुबाईला कुणी हाक मारली नाही. गावातल्या बायका चाकणहून सुईण आणवायच्या. पाणवठ्यावर ठकुबाई आली की पोटुशी बाई पदर ओढून बाजूला सरायची. तिला सगळ्यात जास्त कशानं लागायचं माहीत आहे? लोक शिव्या देत नव्हते. तिच्यासमोर खाली मान घालून गप्प बसायचे, आणि अशी मान घालून बसणारी एक म्हातारी तिला चांगली आठवत होती.

त्यातच सगुणेला तिसऱ्यांदा दिवस गेले. आता बघा या बाईची काय अवस्था झाली ती. हे पोर थाळीविना जन्मणार. ते बहिरं निघालं, तर थाळी निर्दोष आणि ठकुबाई सुटली. त्याला ऐकू आलं, तर ठकुबाई जन्माची पापी. सगुणेच्या कळा सुरू झाल्या त्या दुपारी ठकुबाई मारुतीपुढे हात जोडून उभी राहिली आणि मनात म्हणाली, देवा, हे पोर बहिरंच निघू दे. म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिनं स्वतःच्या तोंडात अशी चपराक मारली की गुरव आतून बघायला आला. "डास व्हता," ती म्हणाली आणि घरी येऊन चुलीपुढे बसून रडली. जिनं अख्ख्या गावाची पोरं झेलली, तिनं एका पोराचं वाईट चिंतलं होतं. हे तिला पंचांनी दिलेल्या शिक्षेपेक्षा जड गेलं.

मुलगी झाली. थाळी वाजली नाही. आणि मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. पोरीला ऐकू येतं की नाही हे बघायला सारी खालची आळी लोटली. महिन्याच्या पोरीच्या कानाशी रुक्मिणीबाईनं तांब्या बडवला. मुरारीनं पत्र्याचा डबा आपटला. दौलतराव स्वतः आले आणि बैलाला हाकारावं तसे ओरडले. कुणीतरी हलगीवाल्याला बोलावलं, त्यानं उशाशी बसून हलगी कडाडवली. पोर प्रत्येक वेळी दचकलं आणि आकांत करून रडलं. मंडळी आनंदानं वेडी झाली, साखर वाटली. थाळीनं कान फुटतात असा निवाडा देणाऱ्या या माणसांनी एका तासात त्या पोरीच्या कानाशी अशी दंगल केली की पलटणीनं लाजावं, आणि तिचे कान जागच्या जागी होते. ठकुबाईनं कुंपणाआडून हे पाहिलं. तिला हसू आलं, आणि हसताना कुठेतरी लख्ख काहीतरी दिसून गेलं. पण गावाला काही दिसलं नाही. गावाचा हिशेब सोपा होता. थाळी वाजली, दोन बहिरी. थाळी नाही, एक ऐकणारी. संपलं.

त्या उन्हाळ्यात पोरांना लस टोचायला एक डॉक्टर गावात आला. तरुण, जुन्नरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात शिकलेला. टोचणी म्हटल्यावर गावातली निम्मी पोरं ओढ्याकडे पळाली, त्यामुळे डॉक्टरला वेळच वेळ. तो ठकुबाईच्या ओसरीवर पाणी प्यायला बसला आणि त्यानं पाहिलं की भैरूला ऐकू येत नाही, त्याच्या पोरांना येतं, आणि खालच्या आळीत दोन पोरांना येत नाही. त्यानं विचारलं, "मावशी, अशी अजून कोण होती का गावात?"

ठकुबाईला कुणी दोन वर्षांत काही विचारलं नव्हतं. ती बोटांवर मोजत बोलत सुटली. तिच्या डोक्यात गावाची तीन पिढ्यांची जन्मपत्रिका होती. खालच्या आळीतला दत्तोबा, मुरारीचा चुलत आजा, बहिरा. त्याचे आईबाप? मामाची मुलगी केलेली. रुक्मिणीबाईची एक नणंद, लहानपणी गेली, तीही बहिरी. तिचे आईबाप? तीच रीत. आणि सगुणेची दोन. डॉक्टर जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. मग त्यानं मान वर केली.

"आणि तुम्ही? तुमचं लग्न कुणाशी झालं?"

"आत्याच्या लेकाशी," ठकुबाई म्हणाली, आणि तिची बोटं थांबली.

ओसरीच्या कोपऱ्यात कांद्याचा ढीग होता. डॉक्टरनं त्यातला एक लाल कांदा उचलला. "मावशी, चांगल्या लाल कांद्याचं बी धरता. तरी वावरात एखादा पांढरा निघतो की नाही?"

"निघतो की. वान आतला असतो म्हनत्यात."

"तसंच. प्रत्येक गोष्टीचे दोन अंश असतात माणसात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. त्यातला एक अधू असला तरी दुसरा चांगला असतो, तो काम भागवतो. माणसाला छान ऐकू येतं, त्याला पत्ताही नसतो. पण नवराबायको एकाच आजा-आजीची नातवंडं असली, तर तोच अधू अंश दोघांकडे लपलेला असू शकतो. मग एखाद्या पोराला दोन्ही अधूच मिळतात. ते बहिरं निघतं."

"मग सगुणेच्या धाकटीला कसं ऐकू येतं?"

"चारातून साधारण एकाला मिळतात दोन्ही अधू. पण ते काही पाळी लावून येत नाही. पिशवीत हात घालून बी काढावं तसं आहे. सगुणाबाईंना पहिल्या दोन खेपेला वाईट दान पडलं, तिसऱ्या खेपेला चांगलं पडलं. सरूबाई लांबच्या, त्यांच्याकडे हा अधू अंश नसावा, म्हणून तुमच्या नातवंडांना ऐकू येतं. पण भैरूकडून एकेक अंश त्यांच्यात गेलेलाच आहे. त्यांना पुन्हा तुमच्या माहेरच्या घरात देऊ नका, एवढं पाळा."

"आन् थाळी?"

डॉक्टर हसला. "थाळीनं काही होत नाही मावशी. उलट थाळीनं कळतं. पहिल्या दिवशी पोराची पारख करणारी या पंचक्रोशीत तुम्ही एकट्याच. पोर आधीच बहिरं होतं. थाळीनं फक्त ते सांगितलं."

डॉक्टरला वाटलं, बाई आनंदानं उडी मारेल. सुटली होती ना ती! ठकुबाई मात्र पायरीकडे बघत बसली. थाळीनं कान जात नाहीत, तर भैरूचेही गेले नव्हते. तीस वर्षं. पाणवठ्यावर, बारशाला, दुसऱ्याच्या मयतीला. "त्या हातानं यायचं न्हाई." म्हातारी पायरीवर बसून राहिली होती आणि आतून पातळसा, चोरटा थाळीचा आवाज आला होता, तिच्याच थाळीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाई पदर खोचून पाटलांच्या गोठ्यात गेली. गाय माजावर आली होती. जनावराचं काम म्हणून बोलावलेला भैरू तिला दावं लावत होता आणि दौलतराव हातवारे करून त्याला बजावत होते, गावच्या वळूकडे नाही, चऱ्होलीला न्यायची. शेजारी गडी कोंडाजी उभा होता. तो म्हणाला, "मालक, एवढं लांब कशापायी? गावचा वळू काय वाईट हाय?"

"येड्या, गावचा वळू हिचा बाप हाय!" दौलतराव म्हणाले. "घरातल्या घरात लागलं की वासरू खुजं निपजतं, आंधळं निपजतं. माझ्या आज्यापासून आमी पाळतो. जनावराची जात राखायची तर बी लांबचं पाहिजे."

"पाटील," ठकुबाई मागून म्हणाली, "गाईला सोयरीक चऱ्होलीची. आन् लेकीला?"

दौलतराव वळले. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. बहुतेक कळलं, कारण मिशीवरचा हात खाली आला.

"काय बरळतीस? गाय आन् लेक एक व्हय?"

"न्हाई. गाईची काळजी हाय तुमाला."

कोंडाजी एकदम गव्हाणीत वाकून काहीतरी शोधायला लागला. ठकुबाईनं मग सगळं सांगितलं. दत्तोबा, नणंद, सगुणा, कांदा, डॉक्टर. आणि हेही, की तुमच्या धाकट्या लेकीची रुक्मिणीबाईच्या धाकट्याशी सुपारी फोडलीय ती मोडा. दौलतरावांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी गाईपुढची थाळी पायानं सरकवली. त्यातली पेंड सांडली.

"ही पायजे ना तुला? घे. आन् तोंड मिटून चालू लाग. आमच्या घराण्याच्या रक्तात खोट काढायला तू कोण? खोट थाळीतच हाय."

ठकुबाईनं थाळी उचलली, पदरानं पुसली आणि तशीच मारुतीच्या पारावर गेली. तिथे मंडळी तंबाखू मळत बसली होती. ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "ऐका. माझ्या भैरूचे कान कौशल्याबाईनं घालवले न्हाईत. मी तीस वरीस खोटं बोलले. थाळीनं कान जात न्हाईत."

पारावर हशा पिकला. "बघा राव," यशवंतराव म्हणाला, हा पाटलांचा चुलतभाऊ. "सोताच्या अंगावर आलं तवा मेलेल्या सासूला सोडवायला निघाली!" आणि दुःखाची गोष्ट अशी, की ते अगदीच चूक नव्हतं. अंगावर आलं नसतं तर ती कधी बोलली असती? ठकुबाई थाळी काखेत मारून घरी निघाली. तिला तेच मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं.

वैशाखात पाटलांच्या धाकट्या लेकीचं लग्न थाटात लागलं. खालच्या आळीतच. सनईवाले आळंदीचे, ताशेवाले भोसरीचे. सगुणेची थोरली दोघं ताशांच्या अगदी पुढ्यात बसून भिरभिरं फिरवत होती. दौलतरावांनी मांडवात सगळ्यांना सांगितलं की आता काळजी नाही, आमच्या आळीत थाळी कायमची बंद केली आहे.

पुढच्या माघात सरूला चौथ्यांदा कळा आल्या. मुलगी झाली. पहाट होऊन उजाडलं होतं, गुरं सुटत होती, बाया पाण्याला निघाल्या होत्या. ठकुबाईनं पोरीला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि खुंटीवरची थाळी काढली. मग तिनं दार सताड उघडलं.

"अवो सासूबाई, हळू," सरू अंथरुणातून कळवळली. "एवढी मोठ्यानं नका वाजवू. तुमचाच नेम हाय ना तो?"

"व्हता," ठकुबाई म्हणाली, आणि तिनं उलथनं हाणलं.

अशी थाळी तळवाडीनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ओढ्यापल्याड गेला आवाज. पाण्याला निघालेल्या बायांच्या घागरी डचमळल्या, वरच्या आळीत पाटलांची गाय दावं ओढायला लागली, खालच्या आळीत रुक्मिणीबाई दारात आली. पोरीनं दोन्ही हात फेकले, तोंड लालबुंद केलं आणि असा टाहो फोडला की सरू रडता रडता हसली. ठकुबाई थांबली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती वाजवतच होती.

भैरू गोठ्यातून आला. पोरीचं उघडलेलं तोंड बघून तो खूश झाला. मग आईजवळ येऊन त्यानं थाळीच्या काठावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. काशाची थरथर त्याच्या हातात उतरत होती.

ठकुबाई दारातल्या पायरीकडे वळली. तिथे दहा वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "वाजली का गं तुझ्यासारखी? तुझं काय चुकलं नव्हतं. माझंच चुकलं."

मग तिनं थाळी पदरानं पुसली, आत नेऊन खुंटीला अडकवली आणि सरूसाठी डिंकाचा लाडू काढायला गेली.